बुरशीचे वाण, महानगराचे दुखणे

साथीचा आजार म्हटला, की डोळ्यांसमोर येतात ते विषाणू आणि जिवाणू. बुरशी ही पावसाळ्यात भिंतीवर, चामड्याच्या चपलेवर किंवा शिळ्या पावावर दिसणारी, फार तर गजकर्णाच्या चट्ट्यांपुरती त्रासदायक गोष्ट, असाच सर्वसाधारण समज होता. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने या समजाला जबरदस्त तडा दिला. करोनातून उठलेल्या रुग्णांचे डोळे, जबडे आणि प्राणही या बुरशीने घेतले. त्या वर्षी जुलैच्या मध्यापर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची आणि ४,३०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली आणि रुग्णसंख्येत महाराष्ट्र अग्रस्थानी होता. मे महिन्यातच या आजाराची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने राज्यांना कळविले होते.

अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही या आजाराची प्रमुख कारणे पुढे आली. आजारी कोण पडले, याचे उत्तर त्यातून मिळाले; परंतु बुरशी रुग्णापर्यंत आली कोठून, हा प्रश्न त्याहून निराळा होता. कोणी प्राणवायूच्या यंत्रातील पाण्याकडे बोट दाखविले, कोणी न धुतलेल्या मुखपट्टीकडे, तर कोणी रुग्णालयाच्या आवारातील बांधकामाच्या धुळीकडे. या तर्कांची शहानिशा करण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. रुग्णांच्या शरीरातून मिळालेली बुरशी परस्परांशी आणि परिसरातील बुरशीशी जनुकीय पातळीवर ताडून पाहणे, हा तो मार्ग. रुग्णालयांच्या दैनंदिन व्यवहारात हे क्वचितच घडते. मात्र अन्य काही बुरशींच्या बाबतीत असा शोध देशाच्या राजधानीत घेतला गेला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी गेल्या काही दशकांत जे पुरावे गोळा केले, ते मुंबई-पुण्यासारख्या प्रत्येक महानगराने अभ्यासावेत असे आहेत.

रायवळ आणि कलम

एकाच जातीच्या बुरशीतही अनेक वाण असतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना ‘स्ट्रेन’ म्हणतात. आंब्याचे उदाहरण घेतल्यास हा भेद चटकन ध्यानात येतो. रायवळ आंब्याचे झाड कोयीपासून उगवते; म्हणून दोन रायवळ झाडांची फळे क्वचितच सारखी असतात. हापूस मात्र कलमाने वाढविला जातो. त्यामुळे देवगडच्या एका बागेतील शंभर झाडे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच असतात. बुरशीही या दोन्ही पद्धतींनी वाढते. निसर्गात मुक्तपणे राहणाऱ्या बुरशीचे वाण संकराने मिसळत राहतात आणि रायवळासारखे वैविध्य निर्माण होते. एखादाच वाण परिस्थितीला अनुकूल ठरून वेगाने पसरला, की सर्वत्र त्याचीच हुबेहूब संतती आढळू लागते.

हा भेद प्रयोगशाळेत ओळखता येतो. बुरशीच्या जनुकसंचात काही ठिकाणी लहानसा मजकूर पुन:पुन्हा आलेला असतो. ही पुनरावृत्ती किती वेळा झाली आहे, हे मोजले की त्या वाणाचा जनुकीय ठसा मिळतो. अलीकडे संपूर्ण जनुकसंच वाचूनही तुलना केली जाते. शहराच्या दृष्टीने या ठशांचे महत्त्व मोठे आहे. एखाद्या रुग्णालयातील दहा रुग्णांमध्ये दहा निरनिराळे वाण आढळले, तर प्रत्येकाला ती बुरशी स्वतंत्रपणे, बहुधा बाहेरच्या हवेतून वा मातीतून मिळाली असावी. दहाही जणांमध्ये एकच वाण असेल, तर बुरशी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेल्याचा संशय घ्यावा लागतो. पहिल्या परिस्थितीत वॉर्ड कितीही पुसून काढला, तरी मूळ कारण तसेच राहील. दुसऱ्या परिस्थितीत तो न पुसणे हाच गुन्हा ठरेल.

रुग्णालयातील पाहुणा

कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये प्रथम जपानमध्ये नोंदली गेली. टोकियोतील एका वृद्ध रुग्णाच्या कानातील स्रावात ती सापडली, म्हणून लॅटिन भाषेतील कानावरून तिला ‘ऑरिस’ हे नाव मिळाले. तेव्हा ती निरुपद्रवी वाटली होती. मात्र २०१३ मध्ये डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील दोन रुग्णालयांतील १२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. २००९ ते २०११ या काळात दाखल झालेल्या या रुग्णांना तिचा गंभीर संसर्ग झाला होता. सर्वांमधील बुरशी एकाच वाणाची होती आणि जपान व कोरियातील वाणांहून ती वेगळी होती. नेहमीचे फ्लुकोनाझोल तिच्यापुढे निष्प्रभ होते. प्रयोगशाळेतील स्वयंचलित यंत्रांनी तिला कॅन्डिडा हिम्युलोनाय ही दुसरीच बुरशी ठरविले होते, ही बाब अधिक चिंताजनक होती. शत्रू दारात येऊन उभा होता आणि पहारेकरी त्याला भलत्याच नावाने हाक मारत होता.

पुढे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या गटाने भारत, पाकिस्तान, जपान, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला येथील नमुन्यांचे जनुकसंच ताडून पाहिले. तेव्हा या बुरशीच्या चार शाखा जगाच्या चार भागांत जवळजवळ एकाच काळात स्वतंत्रपणे उदयास आल्याचे दिसले. त्यानंतर इराणमध्ये पाचवी आणि सिंगापूरमध्ये सहावी शाखा आढळली. शाखाशाखांमध्ये प्रचंड अंतर, परंतु एकाच शाखेच्या आत कमालीचे साम्य, हे या बुरशीचे वैशिष्ट्य आहे. भारतातील संसर्गात दक्षिण आशियाई शाखेचेच प्राबल्य आहे.

येथेच वाणांच्या अभ्यासातील एक सापळा दडलेला आहे. शाखेतील सर्वच नमुने एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतील, तर केवळ साम्यावरून ‘या रुग्णाकडून त्या रुग्णाकडे’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. ढोबळ पद्धतीने पाहिल्यास एकरूप दिसणारे नमुने संपूर्ण जनुकसंच वाचल्यावर वेगळे निघू शकतात. एकाच रुग्णालयात ही बुरशी एकदा शिरून पसरली, की निरनिराळ्या रुग्णांबरोबर अनेकदा आली, हे सूक्ष्म वाचनाखेरीज कळत नाही. त्याच्या जोडीला रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या खाटेवर होता, ही साधी नोंदही लागते. जनुकीय ठसा आणि वॉर्डातील नोंदवही यांपैकी एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

करोनाच्या पहिल्या लाटेने या दुर्लक्षाची किंमत दाखवून दिली. एप्रिल ते जुलै २०२० या काळात दिल्लीतील अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या करोना रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडाचा संसर्ग आढळला. त्यांपैकी १० जणांमध्ये ती कॅन्डिडा ऑरिस होती आणि त्या दहांपैकी सहा रुग्ण दगावले. ही बुरशी त्वचेवर, खाटेच्या कठड्यावर आणि उपकरणांवर दीर्घकाळ तग धरते. त्यामुळे हातांची स्वच्छता, बाधित रुग्णांचे विलगीकरण आणि योग्य जंतुनाशकाचा वापर हेच तिच्याविरुद्धचे पहिले शस्त्र आहे.

ती केवळ रुग्णालयातच राहते, असेही नाही. अंदमान बेटांवरील खाजण आणि वाळूचा किनारा येथे ती सापडल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या वर्षी उत्तर भारतातील फळांच्या तपासणीचे निष्कर्ष आले. ६२ सफरचंदांपैकी ८ सफरचंदांच्या सालीवर कॅन्डिडा ऑरिस आढळली होती. ही सर्व फळे साठवणुकीतील होती. झाडावरून ताज्या तोडलेल्या फळांवर ती मिळाली नाही. फळे टिकविण्यासाठी वापरली जाणारी बुरशीनाशके प्रतिकारक्षम वाणांना वाव देत असावीत, अशी शंका संशोधकांनी व्यक्त केली. सफरचंद खाल्ल्याने आजार होतो, असा याचा अर्थ नाही. मात्र रुग्णालयाच्या भिंतीपाशी तपास थांबविता येणार नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कुंडीतील माती, शेतातील फवारणी

ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीची कथा याहून बोधप्रद आहे. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि प्रत्येक जण श्वासावाटे ते रोज आत घेतो. निरोगी माणसाला त्याची बाधा होत नाही. क्षयाने फुफ्फुसात पोकळी झालेले, दम्याचे, रक्ताच्या कर्करोगाचे आणि अवयवरोपण झालेले रुग्ण मात्र तिला बळी पडू शकतात. तिच्यावरील प्रमुख औषधे ‘अ‍ॅझोल’ गटातील आहेत. इट्राकोनाझोल आणि व्होरिकोनाझोल ही त्यांतील परिचित नावे. याच गटातील रसायने शेतात बुरशीनाशके म्हणून फवारली जातात.

वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी देशाच्या विविध भागांतील माती आणि हवेचे नमुने तपासण्यात आले. त्यांतून मिळालेल्या ॲस्परजिलसच्या नमुन्यांपैकी ७ टक्के म्हणजे ४४ नमुने औषधांना दाद न देणारे होते. चहाचे मळे, भातशेती, सावरीच्या झाडाखालची माती, रुग्णालयाच्या बागेतील कुंड्या आणि चक्क वॉर्डांतील हवा येथे ते मिळाले होते. रुग्णांना दिली जाणारी औषधे आणि शेतात वापरली जाणारी त्याच कुळातील सहा बुरशीनाशके अशा दोहोंनाही ते पुरून उरत होते.

या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वाणांच्या रचनेबाबत होता. औषधांना बळी पडणारी बुरशी रायवळ आंब्यासारखी विविध होती. रुग्णांतील असो वा मातीतील, तिचे ठसे नाना प्रकारचे होते. प्रतिकारक्षम बुरशी मात्र सर्वत्र एकाच ठशाची निघाली. हा ठसा नेदरलँड्स, फ्रान्स, जर्मनी किंवा चीनमधील तपासलेल्या नमुन्यांत आढळला नाही. बाहेरून आलेल्या एका प्रतिकारक्षम वाणाचा देशी वाणाशी संकर झाला असावा आणि त्यातून निपजलेले हे ‘कलम’ देशभर पसरले असावे, असे अनुमान संशोधकांनी काढले.

एखाद्या शहरातील बुरशीत वैविध्य असणे स्वाभाविक आहे. परंतु वैविध्याच्या या गर्दीत औषधाला न जुमानणारा एकच चेहरा पुन:पुन्हा दिसू लागला, तर कोणीतरी त्याची निवड केली आहे असे समजावे लागते. ही निवड करणारा हात निसर्गाचा कमी आणि माणसाचा अधिक असतो. शेतावर फवारलेले रसायन दुबळ्या वाणांना मारते आणि प्रतिकारक्षम वाणाला मोकळे रान देते. त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर, मातीबरोबर आणि रोपवाटिकेतील कुंड्यांबरोबर शहरात येतात. ज्या रुग्णाने आयुष्यात कधी बुरशीविरोधी औषध घेतलेले नाही, त्याच्याही फुफ्फुसात प्रतिकारक्षम बुरशी आढळू शकते ती यामुळे.

महाराष्ट्राने याकडे त्रयस्थपणे पाहून चालणार नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत भुरीच्या नियंत्रणासाठी ट्रायझोल गटातील बुरशीनाशके नित्याने वापरली जातात. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण भुरीने बाग हातची गेली तर त्याचे वर्ष बुडते. प्रश्न धोरणाचा आहे. कोणत्या रसायनाला परवानगी द्यायची हे ठरविताना त्याच्या भावंडाने रुग्णालयात कोणाचा जीव वाचतो, याचा विचार व्हायला हवा. युरोपीय संघाच्या आरोग्य, अन्नसुरक्षा, पर्यावरण, रसायन आणि औषधविषयक संस्थांनी जानेवारी २०२५ मध्ये या विषयावर संयुक्त अहवाल दिला. कृषी आणि आरोग्य खात्यांच्या फायली एकाच टेबलावर आणण्याची गरज तेथे ओळखली गेली आहे.

गजकर्णाचे बदललेले रूप

तिसरे उदाहरण घराघरांतील आहे. गजकर्ण किंवा नायटा हा पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने बरा होणारा आजार मानला जाई. गेल्या दशकात देशातील त्वचारोगतज्ज्ञांपुढे वेगळेच चित्र येऊ लागले. चट्टे अंगभर पसरतात, कुटुंबातील सर्वांना होतात आणि औषध थांबविताच पुन्हा उद्भवतात. २०१८ मध्ये दिल्लीतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गजकर्णाच्या बुरशीचे सुमारे ३२ टक्के नमुने टर्बिनाफिन या हुकमी औषधाला प्रतिकार करणारे आढळले. हे औषध बुरशीतील ज्या विकरावर घाव घालते, त्याच्या रचनेतील एखादीच कडी बदलली होती. परंतु तेवढ्याने घाव निष्फळ ठरत होता.

पुढील जनुकीय अभ्यासात ही बुरशी पूर्वीच्या जातींहून वेगळी आणि परस्परांशी अत्यंत सारखी, म्हणजे पुन्हा एका ‘कलमाची’ असल्याचे दिसून आले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला स्वतंत्र जातीचा दर्जा देऊन ट्रायकोफायटॉन इंडोटिनिये असे नाव दिले. त्यांनी तपासलेले नमुने भारतीय आणि नेपाळी रुग्णांचे होते. मे २०२३ मध्ये अमेरिकेने न्यूयॉर्कमधील आपल्या पहिल्या दोन रुग्णांची माहिती जाहीर केली. त्यांपैकी एका रुग्णाने अलीकडे परदेश प्रवास केलेलाच नव्हता. अर्थात, ती बुरशी तेथे स्थानिक पातळीवर पसरू लागली असण्याची शक्यता होती.

येथे वाणांतील फरक आणखी बारीक आहे. कुळ एकच असले, तरी शहरातील दोन रुग्णांच्या बुरशीत ती निर्णायक कडी सारखीच असेल असे नाही. म्हणून एकाच चाळीतील एकाला टर्बिनाफिन लागू पडते आणि शेजाऱ्याला पडत नाही. हे दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने ओळखता येत नाही. त्यातच स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध यांचे मिश्रण असलेली मलमे चिठ्ठीविना वर्षानुवर्षे विकली गेली. स्टेरॉइडमुळे खाज लगेच थांबते, रुग्ण खूश होतो आणि बुरशी आत वाढत राहते. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या ३२८ संमिश्र औषधांत अशा काही मलमांचाही समावेश होता. मात्र बंदीचा आदेश निघणे आणि गल्लीतल्या दुकानातील विक्री थांबणे यांत मोठे अंतर असते.

एकच उपाय पुरेसा नाही

एकाच महानगरातील या तीन बुरशी तीन वेगवेगळे धडे देतात. कॅन्डिडा ऑरिसचे वाण रुग्णालयाच्या शिस्तीकडे बोट दाखवितात, ॲस्परजिलसचे शेतीधोरणाकडे आणि गजकर्णाच्या बुरशीचे औषधविक्रीच्या बेबंदशाहीकडे. तिन्हींना ‘फंगल इन्फेक्शन’ हे एकच नाव देऊन केसपेपरवर एकच औषध लिहिले जात असेल, तर आजाराचे मूळ शोधण्याची संधी पहिल्याच दिवशी गमावली जाते.

वैविध्य हेही दरवेळी संकट नसते, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. मेंदूज्वरास कारणीभूत ठरणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी दिल्लीतील जांभूळ आणि पिंपळाच्या ढोलीतील कुजलेल्या लाकडात राहते, हे याच संस्थेतील डॉ. एच. एस. रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. म्हणून कोणी जांभळाची झाडे तोडायला सांगितली नाहीत. बुरशी ही शहराच्या निसर्गाचा भाग आहे आणि तिचा नायनाट हे उद्दिष्ट असूच शकत नाही. तिच्यातील कोणता वाण माणसाच्या चुकीमुळे बळावतो आहे, हे वेळीच ओळखणे एवढेच हाती आहे.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी अवाढव्य नाहीत. त्वचेच्या चट्ट्याचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची स्वस्त तपासणी पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात होऊ शकते. मोठ्या रुग्णालयांत बुरशी वाढवून तिची जात आणि औषधांना मिळणारा प्रतिसाद तपासला जावा. रुग्णांकडून मिळालेले नमुने फेकून न देता तारीख, विभाग आणि वस्तीच्या नोंदीसह जतन केले जावेत. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळा देशात आहेत. तेथवर नमुने नियमितपणे पोहोचण्याची व्यवस्था हवी. शिवाय, बाधा उघड झाल्यास बदनामी होईल या भीतीने खासगी रुग्णालये माहिती दडवितात. नोंद करणाऱ्यास शिक्षा न होता मदत मिळेल, अशी हमी दिल्याखेरीज ही दडवादडवी थांबणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच घातक बुरशींची अग्रक्रम यादी जाहीर केली. तीत १९ बुरशींचा समावेश आहे. कॅन्डिडा ऑरिस, ॲस्परजिलस फ्युमिगेटस आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या तिन्ही बुरशी त्या यादीच्या सर्वोच्च गटात आहेत. बुरशीविरोधी औषधांचे प्रमुख गट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. जिवाणूंच्या बाबतीत एक प्रतिजैविक निकामी झाले, तर दुसरे शोधता येते. येथे तो पर्याय फार लवकर संपतो.

डासांच्या उत्पत्तीस्थानांचे नकाशे महापालिका दरवर्षी तयार करतात आणि पाणी कोणत्या विभागात गढूळ येते, हेही त्यांना ठाऊक असते. बुरशीच्या वाणांचा असा नकाशा मात्र कोणाजवळही नाही. म्युकरमायकोसिसच्या वेळी तो नव्हता, म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांना ‘हे कशामुळे झाले’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले नाही. पुढच्या वेळीही तेच घडू द्यायचे काय, याचा निर्णय साथ नसतानाच्या शांत दिवसांत घ्यावा लागतो. दिल्लीतील प्रयोगशाळांनी वाट दाखविली आहे. त्या वाटेवर चालण्यासाठी इतर महानगरांनी आणखी एका साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.